विकताना किती येतील? छोट्या गाडीची सत्तर वर्षं



दसरा-दिवाळी जवळ आली की मला हमखास एक प्रश्न येतो. "ताई, छोटी गाडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" आणि दोन मिनिटांनी दुसरा, जरा हळू आवाजात. "आणि पुढं विकायची वेळ आली तर किती येतील?" पहिला प्रश्न पुरुषमंडळी शोरूममध्ये चारचौघांत विचारतात. दुसरा आपण घरात, पोळ्या लाटता लाटता विचारतो. सोनं घेतानाही आपण घडणावळ किती आणि मोडीत किती जाईल हे विचारतोच की. त्यामुळे मला तो दुसरा प्रश्नच जास्त शहाणा वाटतो. त्याला इतिहासही मोठा आहे, आणि तो आपल्या सोलापूरपासून सुरू होतो.

वालचंद हिराचंद दोशी हे नाव आपल्यातल्या बहुतेकींना सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे माहीत असतं. "पोरगा वालचंदला लागला" एवढं म्हटलं की लग्नाच्या बाजारात पुढचं काही सांगावं लागत नाही! पण हे वालचंदशेठ म्हणजे १८८२ साली सोलापूरच्या गुजराती दिगंबर जैन घराण्यात जन्मलेले गृहस्थ. आधी रेल्वेची कंत्राटं केली, १९१९ साली सिंधिया ही जहाज कंपनी उभी केली, वालचंदनगरला साखर कारखाना काढला, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू केला. जहाज झालं, विमान झालं, राहिली मोटार. त्यासाठी ते १९३९ साली अमेरिकेला गेले आणि क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. इंग्रज सरकारनं मदत करायचं नाकारलं. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झालीच, आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

त्या सुरुवातीच्या गाड्या डॉज आणि प्लिमथ, म्हणजे लांबलचक अमेरिकन गाड्या. त्या संस्थानिकांच्या आणि गिरणीमालकांच्या दारात शोभायच्या. मध्यमवर्गाला परवडेल अशी गाडी इटलीच्या फियाटशी करार झाल्यावर आली. वालचंदशेठ १९५३ साली गेले आणि फियाट ११०० त्याच्या पुढच्या वर्षी बनायला लागली. ज्या गाडीमुळे त्यांच्या कंपनीचं नाव गल्लोगल्ली पोचलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्या तेव्हा मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडत असत. जनरल मोटर्स तर १९२८ पासून. सरकारनं सांगितलं, नुसती जुळणी चालणार नाही, गाडी इथंच बनवायला लागा. त्यांना ते पटलं नाही. १९५४ साली दोघींनी गाशा गुंडाळला.

मग उरल्या तीनच कंपन्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर, मुंबईत प्रीमियरची फियाट, मद्रासला स्टँडर्डची हेराल्ड. कुणी किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, किंमतही सरकारच ठरवणार. सगळ्या देशात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार गाड्या. आपल्याकडे एखाद्या मोठ्या पंचकल्याणक महोत्सवाला जमतात त्यापेक्षा जास्त माणसं गाडीसाठी नाव लावून बसलेली. नंबर लागायला वर्षानुवर्षं जात. कुणी मुलगी जन्मली की तिच्या लग्नासाठी ठेव ठेवावी तसं फियाटसाठी नाव नोंदवून ठेवायचं.

अशा वेळी 'रीसेल'चा अर्थच उलटा झाला होता. नवी गाडी सरकारी भावात मिळायची, पण मिळायचीच नाही. जुनी लगेच मिळायची, म्हणून तिला भाव जास्त! बरी ठेवलेली दोन-तीन वर्षांची फियाट नव्याच्या किमतीला किंवा तिच्याही वर जायची. हा काळाबाजार इतका बोकाळला की १९५९ साली सरकारनं गाड्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. नंबरानं मिळालेली नवी गाडी ठराविक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकायची नाही, असा नियम झाला. पुढे किमतीवरून प्रीमियर कंपनी आणि सरकार यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याचा निकालही तिथंच लागला.

त्या काळच्या माणसांच्या मनात गाडी ही जवळजवळ जमीन-सोन्यासारखी गोष्ट होती. घ्यायची, जपायची आणि वेळ पडली तर मोकळी करायची. माझे मामंजी त्यातलेच. त्यांच्याकडे पद्मिनी होती, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. फियाटचंच नाव १९७० च्या दशकात बदलून आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं, पण घरात सगळे शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. गिअर स्टिअरिंगजवळ, पुढची सीट सलग बाकासारखी. कुंभोजच्या बाहुबलीला जाताना त्या पुढच्या बाकावर मामंजी, मध्ये धाकटे दीर, कडेला वन्सं आणि त्यांच्या मांडीवर डब्यांची पिशवी. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ती हलायची नाही. पण गावातला कुठलाही मिस्त्री पान्हा घेऊन बसला की तासाभरात तिला उठवायचा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण जुन्या गाडीचा भाव पुढची चाळीस वर्षं याच गोष्टीवर ठरत आला आहे.

इचलकरंजीचं नाव इथं घेतलंच पाहिजे. तिथल्या शंकरराव कुलकर्णी नावाच्या कल्पक माणसानं १९४९ पासून पुढे दोन दशकं धडपड करून 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवली. एकदा नाही, पुन्हापुन्हा सुधारून. स्वस्तात सामान्य कुटुंबाला गाडी मिळावी हाच हेतू. पण ती विक्रीसाठी कधी बनलीच नाही. परवान्याचं राज्य होतं, आणि छोट्या गाडीचा परवाना दिल्लीत अडकलेला होता. आपल्या भागातल्या माणसाची गाडी रस्त्यावर आली असती तर तिचा रीसेल काय असता, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

तो परवाना शेवटी कुणाला मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. १९७१ साली संजय गांधींची मारुती कंपनी निघाली. तिच्यातून बाजारात गाडी काही आली नाही आणि कंपनी बुडाली. १९८० साली सरकारनं ती ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाली, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना देण्यात आली. किंमत साधारण साडेसत्तेचाळीस हजार. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. नाव नोंदवायला दहा हजार अनामत भरायची होती आणि ती लाखाहून अधिक लोकांनी भरली. कुणाला आधी मिळणार हे सोडतीनं ठरलं.

सोडतीत नाव आलं म्हणजे लॉटरीच लागली. गाडी घ्यायची, दारात उभी करायची, आणि नको असेल तर हजारो रुपये वर घेऊन दुसऱ्याला द्यायची. पण हा 'ऑन' फार टिकला नाही, कारण मारुतीनं गाड्या भराभर बनवायला सुरुवात केली. माझ्या मते आपल्या देशात छोट्या गाडीचा खरा इतिहास इथून सुरू होतो. पहिल्यांदाच जुनी गाडी नवीपेक्षा स्वस्त झाली! ऐकायला विनोद वाटतो, पण त्याआधीची तीस वर्षं तसं नव्हतं.

मारुती ८०० बायकांची गाडी झाली ती काही जाहिरातीमुळे नाही. फियाटचं स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे जात्यावर दळण दळण्यासारखं. मारुती हलकी, आखूड, गल्लीत सहज वळणारी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी हीच गाडी घेतली, म्हणून शिकलेल्या बायकांना हीच सवयीची. बँकेतल्या, शाळेतल्या नोकरदार बायकांनी स्वतःच्या कर्जावर घेतलेली पहिली गाडी म्हणजे बहुधा ८०० किंवा पुढे अल्टो. घरातला मोठा संसार मात्र १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे ओम्नीमध्ये बसायचा. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला जाताना मागच्या सीट काढून गाद्या, शिधा, पाण्याचं पिंप आणि वर आम्ही, असा प्रवास तुमच्यातल्याही कितीतरी जणींनी केला असेल.

१९९० नंतर दारं उघडली. १९९३ ला झेन. १९९८ हे वर्ष तर छोट्या गाड्यांचं पाडवाच म्हणा. कोरियाची ह्युंदाई सँट्रो घेऊन आली, देवूनं मॅटिझ आणली आणि वर्षाच्या अगदी शेवटी पुण्याच्या टाटांनी इंडिका बाजारात आणली. पुढच्या वर्षी वॅगनआर, २००० मध्ये अल्टो. सँट्रोची उंच टपाची बांधणी पाहून आधी लोक हसले. पण साडी नेसून, गुडघे दुखत असताना आत बसायला उंच गाडी किती सोयीची, हे वयस्कर सासूबाईंना विचारा. इंडिका डिझेलवर चालणारी, पोटानं मोठी. पाच जण खरोखर बसायचे. पण सुरुवातीला तक्रारी फार आल्या, मग २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आली. पुढे इंडिका टॅक्सीत इतक्या गेल्या की खासगी इंडिका विकायला काढली तरी गिऱ्हाईक आधी विचारायचं, "भाड्यानं चालली नाही ना?" वाहनाच्या अंगावर असा शिक्का बसला की भाव घसरतोच, मग तुम्ही ती देवघरासारखी का जपली असेना.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. निघून जाणाऱ्या कंपन्या.

प्रीमियरनं १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर ३०९ नावाची गाडी कल्याणला बनवायला घेतली. गाडी चांगली होती असं चालवणारे सांगतात. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. फियाटची उनो आली तेव्हा बुकिंगला झुंबड उडाली, पण कामगारांचा वाद चिघळला आणि गाड्या वेळेवर मिळाल्याच नाहीत. मॅटिझ मला स्वतःला फार आवडायची, बाहुलीसारखी गोंडस. कोरियात देवूच बुडाली आणि काही वर्षांत इथला कारखानाही बंद पडला. गंमत पुढे आहे. बुडालेल्या देवूचा मोटार व्यवसाय जनरल मोटर्सनं घेतला आणि तीच मॅटिझ २००७ मध्ये शेवरले स्पार्क म्हणून आपल्याकडे परत आली. मग २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सनंही भारतात गाड्या विकणं थांबवलं. एकाच गाडीचं माहेर दोनदा तुटलं! आणि १९५४ साली मुंबईतून गेलेली कंपनी दुसऱ्यांदा गेली. २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तिचीही ही दुसरी खेप. २०२२ मध्ये डॅटसन गेली.

माहेर तुटलेली गाडी चालायची थांबत नाही. सर्व्हिसही काही वर्षं मिळते. पण विकायला काढली की समोरचा माणूस आधी तेच बोलतो. बंपर कुठं मिळणार, हेडलाईट कुठून आणायचा, तालुक्याच्या मिस्त्रीला तिची माहिती आहे का. दोष गाडीचा नसतो, चालवणाऱ्या बाईचा तर नसतोच. तरी पैसे तिचेच जातात. फिगो किंवा बीट घेतलेल्या माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी आजही म्हणतात की इतकी दणकट गाडी पुन्हा मिळणार नाही. आणि विकायला गेल्यावर मिळालेला आकडा सांगताना त्यांचा आवाज उतरतो.

अल्टो आणि वॅगनआरचा भाव टिकतो त्याचं कारण मला तरी यात दिसतं. त्या काही जगातल्या सर्वोत्तम गाड्या नाहीत. पण शिरोळपासून जतपर्यंत कुठंही बंद पडली तरी भाग मिळतो, मिस्त्री मिळतो आणि घेणाऱ्याला तिचा भाव आधीच पाठ असतो. मारुतीनं २००१ पासून 'ट्रू व्हॅल्यू' नावानं स्वतःच जुन्या गाड्यांची दुकानं काढली, त्यानंही विश्वास वाढला.

टाटांच्या नॅनोचं दुःख मात्र वेगळं आहे. कंपनी कुठं गेली नाही. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली तेव्हा लाखाची गाडी म्हणून जगभर गाजावाजा झाला. सिंगूरचा कारखाना वादात सापडला, तो गुजरातेत साणंदला न्यावा लागला. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. लोक म्हणतात 'गरिबाची गाडी' या नावानं तिला मारलं. ते खरंच आहे, पण मला वाटतं जुन्या बाजारानंही तिला मारलं. नव्या नॅनोच्या पैशात चार-पाच वर्षांची अल्टो दारात येत असेल, आणि ती पुढे विकली तरी जाणार असेल, तर आपली बाई काय घेईल?

मैत्रिणींनो, इथं एक हिशेब मांडते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या एका गाडीचे नाहीत. दोन गाड्या, दोन्ही सहा लाखांच्या. सात वर्षांनी एकीचे तीन लाख आले, दुसरीचे पावणेदोन लाख. फरक सव्वा लाखाचा. सात वर्षांचे महिने चौऱ्याऐंशी. म्हणजे दुसऱ्या गाडीनं दर महिन्याला जवळजवळ पंधराशे रुपये गुपचूप खाल्ले. आता मायलेज बघा. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणं, एक गाडी लिटरला २२ देते, दुसरी १८. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याचा फरक साधारण साडेआठशे. आपण शोरूममध्ये "किती देती?" एवढंच विचारतो. आणि जे जास्त खातं त्याबद्दल बोलतच नाही.

हा हिशेब काळानुसार बदलतो, हेही सांगायला हवं. पूर्वी डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होतं, म्हणून डिझेलच्या छोट्या गाड्यांवर उड्या पडायच्या. २०१४ मध्ये डिझेलचे दर मोकळे झाले, दोघांतलं अंतर कमी झालं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. करांचंही तसंच. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. तेव्हापासून कंपन्या गाडीची शेपूट कापून ती चार मीटरच्या आत बसवायला लागल्या. काही सेडान मागून चिमटा काढल्यासारख्या दिसतात त्या उगाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा उपकरही गेला. नवी घेणारीला आनंदच. पण नवी स्वस्त झाली की त्याच दिवशी सगळ्यांच्या दारातली जुनी गाडीही स्वस्त होते, हे पेपरात कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला खटकते ती बोलून टाकते. जुन्या बाजारात मिस्त्रीला भाव आहे, रंगाला भाव आहे, 'सिंगल ओनर'ला भाव आहे. सुरक्षिततेला फारसा नाही. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सक्तीची व्हायला २०२१ उजाडलं. जुनी छोटी गाडी घेत असाल तर हे साल बघा. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये शेजारच्या सीटला एअरबॅग नसण्याची शक्यता फार. त्या सीटवर बहुतेक वेळा आपणच बसतो, मांडीवर नातवंड घेऊन. नातवंड मागं बसवा, पट्टा लावून.

दारात दुसरी गाडी हवी का, यावर मी काही बोलत नाही. रोजच्या सतरा नियमांत 'वाहन' आहेच, ज्याचं त्यानं बघावं.

आता जे सांगणार आहे ते माझ्या चुलत जाऊबाईंच्या परवानगीनं. गेल्या वर्षी भाऊजी अचानक गेले. मागं २०१६ सालची अल्टो, त्यांच्याच नावावर. जाऊबाईंना गाडी येत नाही, मुलगी नर्सिंगला आहे, फीची तारीख डोक्यावर. दिवस होऊन पंधरवडा झाला नाही तोच एक एजंट घरी आला. "वहिनी, नवी गाडीच स्वस्त झालीय आता. ही कोण घेणार? सव्वा लाख देतो, कागदाचं मी बघतो. तुम्ही फक्त इथं इथं सह्या करा." कोरे फॉर्म होते. जाऊबाई शिकलेल्या आहेत, पण त्या दिवसांत माणसाचं डोकं कुठं जागेवर असतं? त्यांनी फोन केला आणि आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.

मालक वारला तर आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, आरसी, विमा, पीयूसी. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. जाऊबाईंच्या आरसीवरही ते नाव होतं, कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी. एजंटनं भाव पाडायला हाच मुद्दा वापरला होता. बँकेत एक चक्कर मारली, काम झालं. आणि हो, २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. आज संध्याकाळी मालकांना जेवायला वाढताना विचारा, घातलंय का.

गाडी आधी जाऊबाईंच्या नावावर झाली आणि मगच विकायला काढली. एजंट विम्याच्या कागदावरची आयडीव्ही दाखवून भाव सांगतात. ती रक्कम विम्यासाठी असते. पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या कोष्टकानं ती ५० टक्क्यांवर येते आणि नंतर विमा कंपनीशी बोलून ठरते. बाजारभाव म्हणजे आयडीव्ही नव्हे. आम्ही तीन ठिकाणी गाडी दाखवली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाईलमध्ये लावल्या. भाऊजींनी एकूण एक पावती ठेवली होती, पेट्रोलचीसुद्धा. ती फाईल बघूनच हातकणंगले तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी एक लाख नव्वद हजारांना गाडी घेतली. त्यांना शाळेत जायला हवी होती आणि गावातला मिस्त्री अल्टोचं काम करतो, एवढीच त्यांची अट.

पैसे आले तरी जाऊबाईंनी आरसीवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. ते फार महत्त्वाचं आहे. गाडी विकली, किल्ली दिली, पण आरटीओत नाव तुमचंच राहिलं, तर पुढच्या अपघाताची भरपाई कायद्यानं तुमच्या दारात येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या एका निकालात हेच सांगितलं आहे. नोंदीत ज्याचं नाव तो मालक, मग गाडी चार हात फिरली असली तरी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून तेवढ्यावर गप्प बसायचं नाही. शाळेतल्या बाईही समजूतदार. त्यांनी चौदा दिवसांच्या आत विमाही स्वतःच्या नावावर करायला दिला.

नवी आरसी ऑनलाइन दिसायला लागली त्या दिवशी जाऊबाईंनी मला तिचा फोटो पाठवला आणि खाली मुलीच्या कॉलेजच्या फीची पावती.